पस्तीस वाती

वास ओळखीचा होता, आणि तिथंच सगळं अडलं. दुपारच्या सुट्टीत वाइंडिंग खात्यातला नळ कोरडा पडला म्हणून राही तांब्या घेऊन, सुताला पिठाची खळ लावतात त्या खळखात्याच्या बाजूला गेली होती. आठ वर्षं ती या गिरणीत सुताच्या कांड्या भरीत होती, पण या बाजूला यायची वेळ कधी आली नव्हती. दाराशी एक लाकडी पीप फोडून ठेवलं होतं. आत पिवळट पांढरा गोळा, थंडीत थिजलेल्या तुपासारखा. चिपळूणकडचा बाबल्या फावड्यानं त्याचे लपके काढून उकळत्या पिठाच्या हौदात टाकत होता, आणि हौदातून वाफेबरोबर जो वास येत होता तो तिला आपल्याकडचा वाटला. मुंबईच्या खोलीतला नाही, गावाकडचा. देवळात, दिवा निवल्यावर येणारा. ती तांब्या धरून उभीच राहिली. "काय गो राहीबाय, खळीचा वास आवडला काय?" बाबल्या म्हणाला. तिनं विचारलं, हे काय टाकतोस? "चरबी. पिठात चरबी नाय घातली तर सूत इनताना साच्यावर पटापट तुटतं. मग तुजा नवराच येईल आमाला शिव्या घालायला." कशाची, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाबल्यानंच हसून सांगितलं, "विलायतेवरनं येती. कशाची ती त्या पिपाला विचार." तिनं विचारलं नाही. पाणी भरून घेतलं, परत आली, आणि सुट्टी संपेपर्यंत तांब्या तोंडाला लावायचा राहून गेला.

दुपारभर तिची बोटं तुटलेल्या टोकांना गाठी मारत राहिली. बोटांचं काम बोटं करतात, त्यात मन लागत नाही; म्हणून तर इथं बायका गाणी म्हणतात, भांडतात, उपासाचे वार मोजतात. राहीचं मन मात्र गावच्या देवळात जाऊन बसलं होतं. केदारलिंगाचं देऊळ, कौलारू, जांभ्या दगडाचं, उन्हाळ्यातसुद्धा आत पाय गार पडणारं. तिन्हीसांजेला सासू तिथं रोज पस्तीस वातींचा एक दिवा लावायची. सासूचं नाव तुळसा. राही तिला आत्याबाय म्हणायची. आठ वर्षांमागं राहीच्या नवऱ्याचा, सदूचा, उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात सापडला. डॉक्टर म्हणाला, कोपरापासून काढावा लागेल. तार गावी पोचली त्या दिवशी आत्याबाय तशीच ओल्या लुगड्यानं देवळात गेली आणि बोलली, पोराचा हात राहू दे, लक्ष वाती जाळीन. हात राहिला. दोन बोटं ताठ झाली, पण सदू परत साच्यावर उभा राहिला, चार सुतं एकदम ओवायचा तसाच ओवायला लागला. पहिल्या वर्षी आत्याबायनं परसातल्या देवकापसाच्या वाती वळल्या. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं एकच झाड, त्याचा वर्षानुवर्षं साठवलेला कापूस, तो बारा महिन्यांत संपला. तेव्हा गावच्या माणसाबरोबर निरोप आला: कापूस सरला, काय करू? सदूची सेवा करायला म्हणून राही मुंबईला आली होती ती तोपर्यंत वाइंडिंग खात्यात चिकटली होती. निरोप ऐकून तिला किती बरं वाटलं होतं! आपल्याकडे कापसाचे डोंगर आहेत, आणि सासूला मूठभर कापूस मिळत नाही. साच्यावर ताण्याचं सूत गुंडाळलेला बीम संपला की शेवटी हातभर लांबीचे दोरे उरतात, ते कापून टाकतात. पांढरे, सरळ, केस विंचरल्यासारखे. जॉबरला, म्हणजे मुकादमाला, विचारून तिनं ते घरी आणले, जुड्या बांधल्या, आणि शिमग्याला, गणपतीला, जो कोणी गावी जाईल त्याच्या गाठोड्यात घातले. वाइंडिंगचं उरलेलं सूत गुंतवळ्यासारखं असायचं, ते तिला देवासाठी बरं वाटलं नाही. तिनं चांगलं म्हणून जे निवडलं ते नेमकं खळ लागलेलं होतं.

दर वर्षी सुट्टीवर गेली की ती आत्याबायबरोबर देवळात जायची. दिवा निवला की एक वास दरवळायचा. तिला वाटायचं, हा गिरणीचा वास, आपल्या हाताचा, सदूच्या सदऱ्याचा. इतक्या लांब, देवाच्या पायाशी आपला वास पोचला म्हणून तिचा ऊर भरून यायचा. आता ते आठवून तिला खाली बघावंसं वाटलं.

रात्रीच्या भाकरी थापताना तिनं सदूला सांगितलं. तो ताठ दोन बोटं सोडून उरलेल्या तिनांनी विडी धरून बसला होता. "तुमाला ठाव होतं?" तिनं विचारलं. "खळीत चरबी असती हे साच्यावरच्या कोणालाबी ठाव असतं." "मग मला बोललात का नाय?" तो गोंधळला. "माज्या ध्यानातच आलं नाय गो. सूत म्हंजे सूत." मग विडीची राख झटकत, "आणि एवढं कसलं घेऊन बसलीस? तुज्या अंगावरचं लुगडं कुठलं? त्यालाबी तीच खळ. ते नेसूनच देवळात जातेस ना?" तिनं तव्यावरची भाकरी परतली. तो म्हणाला, "म्हातारीची आता शिवरात्रीला लाख पुरी होतील. सगळा गाव जेवायला यायचा. तिचा जीव सुखात हाय, तो कशाला जाळतेस? नको सांगू." तो वाईट बोलत नव्हता. आईवरच्या मायेनंच बोलत होता, हे तिला कळत होतं. तरी तो बोलत असतानाच तिला कळून चुकलं की आपण सांगणार. ते ठरवावं लागलं नाही. सोमवारचा उपास आज करायचा का, असं ती कुठं ठरवत असे? सोमवार आला की तो असायचाच. प्रश्न एवढाच उरला की कसं सांगायचं, आणि सांगितल्यावर त्या सत्तरीच्या बाईपाशी काय उरेल. लाखाच्या दारात आलेली बाई. लुगडं विटलं तर दुसरं घेता येतं, पण सात वर्षांच्या संध्याकाळी कुठून आणायच्या?

बोटीवर ती बायकांच्या बाजूला वळकटीवर बसून राहिली. यंत्राची धडधड गिरणीसारखीच, पण खालून, पायांतून येणारी. त्या तालावर ती वाक्यं जुळवून बघत होती. आत्याबाय, एक सांगायचं हाय. आत्याबाय, माजी चूक झाली. आत्याबाय, सूत वाईट होतं. एकही वाक्य तिथून पुढे जाईना. तिच्या गाठोड्यात या खेपेला जुडी नव्हती. साखर होती, चहाची पुडी होती, आत्याबायसाठी नवं लुगडं होतं, ते तिनं खोलीत दोन पाण्यांतून काढून, वाळवून आणलं होतं. ते धुताना पाण्यावर आलेला दुधाळ तवंग ती बघत राहिली होती. तेवढ्यावरून तिला वाटलं होतं की सदूला उत्तर सापडलं. लुगड्याची खळ धुऊन जाते, पण वाती काही कोणी धुऊन जाळत नाही. मग तिला आपलं लग्न आठवलं, आणि पहिल्या वर्षी आत्याबायनं तिला वात वळायला शिकवली ती. मांडीवर नाही, तळहातावर. घाई नाही, पण थांबायचंही नाही. टोक सुईसारखं, बूड जरा जाड, म्हणजे तेल ओढतं. राहीला मूल झालं नाही. त्यावरून गावात चार तोंडं बोलली, पण आत्याबायनं कधी शब्द काढला नाही. एकदाच, कुणीतरी विहिरीवर टोमणा मारला तेव्हा ती भरली घागर खाली ठेवून म्हणाली होती, "माजी सून माज्या देवाचा दिवा चालवते. तुज्या नातवंडानं काय चालवलं ते सांग." ते बोलणं राहीनं मुंबईत इतकी वर्षं उशाशी ठेवल्यासारखं जपलं होतं. सांगितल्यावर तेही परत द्यावं लागणार होतं.

पहाटे बोट रत्नागिरीला लागली. किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या पडावातून उतरताना खलाशानं हात दिला, पायांना ओली वाळू लागली, सुकत घातलेल्या मासळीचा वास आला, आणि राहीला एकदम हलकं वाटलं. इथं कुठल्याही वासात काही लपलेलं नव्हतं. मासळीचा वास मासळीचा, शेणाचा शेणाचा. कोल्हापूरकडे जाणाऱ्या मोटारीनं ती पालीला उतरली आणि पुढचे दोन कोस चालत निघाली. माघ संपत आला होता. कातळावरचं गवत पिवळं पडलेलं, काजू मोहरलेले, लाल धूळ घोट्यापर्यंत. वाटेत गावची मथुरा भेटली, डोक्यावर पेंढा घेऊन. "आलीस गो मुंबयकरणी! म्हातारी रोज वाटेकडं बघती. परवा शिवरात्र. सगळ्या गावाला सांगून बसलीय, माजी सून आल्याबिगर शेवटची वात पेटायची नाय." राही हसली. मथुरेला तिचं हसणं खरं वाटलं असावं.

आत्याबाय परसात देवकापसाच्या झाडाखाली होती. झाडाला बोंडं फुटली होती, हिरव्यात पांढरे ठिपके. एक डोळा आता पुरता गेला होता, त्यामुळे ती मान वाकडी करून, चिमणीसारखी बघायची. तिनं राहीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, हनुवटी दाबली, "हाडं लागली गो हाताला," म्हणाली, आणि तिला पाणीही पिऊ न देता आत घेऊन गेली. कोनाड्यात एक मडकं होतं. दर हजार वातींना ती त्यात एक चिंचोका टाकायची. "मोज," ती म्हणाली. राहीनं जमिनीवर ओतून मोजले. काळेभोर, गुळगुळीत, हात लागून लागून चकचकीत झालेले. नव्व्याण्णव होते. "शंभरावा हा बघ," म्हणत आत्याबायनं कनवटीचा काढून दाखवला. लहान मुलीनं गोटी दाखवावी तसा. मग म्हणाली, "आण आता. सूत कुठं हाय? शेवटच्या पस्तीस तुज्या हातानं वळू."

"सूत नाय आणलं, आत्याबाय."

"नाय आणलंस? अगो, मग शिवरात्रीला काय माजी वेणी जाळू?"

आणि मग बोटीवर न जुळलेलं वाक्य आपोआप आलं, कारण त्याला सजवायला वेळच नव्हता. राही म्हणाली, "त्या सुताला चरबी लावलेली असती. गिरणीत लावतात. मला ठाव नव्हतं. पंधरा दिवसांमागं कळलं. मी धाडलं ते सगळं तसलंच होतं." एवढंच. बोलून झाल्यावर तिला चुलीवरच्या पाण्याचा आवाज ऐकू आला. आत्याबायनं मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं.

"कशाची?"

"ठाव नाय."

"विचारलंस नाय?"

"विचारायला भ्याले."

राहीनं तिच्याकडे बघायचं सोडलं नाही. तेवढं तरी आपल्या हातात आहे असं तिला वाटलं. आत्याबायचा हात जमिनीवरच्या चिंचोक्यांवर पालथा पडला होता आणि बोटं हळूहळू हलत होती, वात वळताना हलतात तशी. राहीला वाटलं, रडेल. वाटलं, हाताला येईल ते फेकून मारेल. तेही चाललं असतं. वाटलं, ही आता म्हणेल, तो हात राहिला तो मग कशावर राहिला? हा प्रश्न पंधरा दिवस राहीच्या छातीत बसला होता. रोज सकाळी साच्याकडे जाणाऱ्या सदूची ताठ दोन बोटं तिला दिसायची आणि तो प्रश्न पुन्हा वर यायचा. म्हातारीनं तो विचारला नाही. तिनं विचारलं, "सदू काय बोलला?"

"सांगू नको बोलले. बोलले, अंगावरच्या लुगड्यालाबी तीच खळ असती."

"बापासारखा हाय," आत्याबाय म्हणाली. "त्याचा बापूस पन असाच. चूक झाली की सगळ्या गावाला त्यात ओढायचा. लुगडं मी माज्या अंगाला नेसते. वात मी देवापुढं जाळते. ह्यात काय समजायचं नाय?" मग एकदम तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलल्या. "सात वर्षं माज्या केदारलिंगाला तुज्या गिरणीनं बोकड खायला घातला गो! वरच्या वाघजाईला चाललं असतं, तिला कोंबडं लागतंच. ह्याला बिचाऱ्याला पान-फूल. आणि गप बसून राहिला. एकदा तरी दिवा विझवायचास की रे देवा!" ती हसत होती. मग तिनं पदरानं चांगला डोळा पुसला, गेलेलाही पुसला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तवा आमाला ठाव नव्हतं. देवाला ठाव होतं, आणि त्यानं घेतलं. ते त्याचं आणि माजं. पन आता मला ठाव हाय. आता मी लाख म्हनू शकत नाय." राही काही बोलायला गेली. म्हातारीनं हात वर केला. मग एकेक चिंचोका उचलून ती बाजूला ठेवू लागली, ओठांत मोजत. बारा झाले तशी थांबली. "हे माज्या झाडाचे. पहिल्या वर्षाचे." ते बारा मडक्यात टाकले, रिकाम्या मडक्यात त्यांचा आवाज मोठा झाला. उरलेले तिनं ओंजळीत घेतले, ओंजळ पुरेना तेव्हा ओच्यात घेतले, आणि परसात जाऊन दगडी गडग्यापलीकडे टाकून दिले. टाकताना तिचा हात जराही अडखळला नाही. अडखळली ती राही, दारात. सात वर्षांच्या संध्याकाळी गवतात पडताना तिनं ऐकल्या, आणि तिला वाटलं होतं त्याहून तो आवाज बारीक होता.

शिवरात्रीच्या दिवशी दोघींनी निरंकार उपास धरला आणि सकाळपासून झाडाखाली बसल्या. बोंडं खुडायची, सरकी काढायची, कापूस पिंजून मऊ करायचा. आत्याबायच्या बोटांना आता टोक नीट लागत नव्हतं, म्हणून ती सरकी काढी आणि राही वळी. गिरणीत एका दिवसात राहीच्या बोटांखालून किती कोस सूत जात असेल, कोण जाणे. ते कुठून येतं आणि कुणाच्या अंगावर जातं ते तिला कधी कळलं नाही. इथं कापूस झाडावरून हातात यायचा आणि हातातून वात होऊन ताटात. मधे कुणी नव्हतं. एक वात वळायला किती वेळ लागतो हे ती विसरली होती. पहिल्या दोनचार वाती गिरणीच्या घाईनं ओढल्या गेल्या, बारीक, ताठ. "ही तुटंल," आत्याबाय न बघता, नुसती चाचपून म्हणाली. "मुकादम उभा नाय हितं." राहीचा हात मंद झाला. पाचव्या वातीला बूड जाड आलं, टोक सुईसारखं. म्हातारी सरकी वेगळी बांधून ठेवत होती. "पावसात पाच झाडं लावीन. न्हाणीचं पानी एकाला पुरतं, बाकीच्यांना घागर घालीन. तू कापूस घेऊन जा. तिकडं वळ. जेवनाच्या सुट्टीत बायका काय करतात?" "भांडतात." "तू वळत भांड. शिमग्याला कोन येईल त्याच्या हाती वाती धाड. आदी तुजं सूत हिकडं यायचं, आता माजा कापूस तिकडं जाईल. कमी पडला तर दिवसाच्या दहाच लावीन. पन दुसरं काय मिसळायचं नाय." राहीनं मान हलवली. तिला खोलीचा कोपरा दिसला, ट्रंकेशेजारचा, तिथं एक डबा ठेवता येईल. त्या डब्यात आपला पहिला चिंचोका पडेल तो दिवसही दिसला, आणि सदूनं विचारल्यावर आपण त्याला काय सांगू तेही. छातीतला तो प्रश्न कधी गेला हे तिला आठवेना.

तिन्हीसांजेला देऊळ भरलं होतं. लाख पुरे होणार म्हणून चार वाड्यांतली माणसं आली होती. गुरव सखारामानं समई घासून ठेवली होती, हार बांधले होते. आत्याबायनं पस्तीस वातींचं ताट देवापुढं ठेवलं, मग माणसांकडे वळली. राहीला वाटलं, ही आता माझं नाव घेईल. घेतलं तर उभी राहीन, असं तिनं मनाशी म्हटलं आणि खरंच पाय सरळ केले. म्हातारी म्हणाली, "जेवन घरी रांधलंय, समद्यांनी जेवून जा. पन लाख झाल्या नायत. गिरणीच्या सुताला चरबी असती, आमाला म्हाईत नव्हतं. ते सूत मोजातनं काढलंय. बारा हजार झाल्या, आजपासनं पुढं. अठ्ठ्याऐंशी हजार बाकी हायत."

कुणाच्या तरी घरी मुंबईचं सूत होतंच. कुणाच्या कोनाड्यात, कुणाच्या तुळशीपाशी. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सखाराम गुरव निरांजनाच्या ताटाकडे बघत पुटपुटला, "माज्याकडं पन हाय थोडं. धाकूच्या पोरानं मुंबयवरनं आणून दिलेलं." मग मथुराच बोलली, तिला गप्प बसणं जमत नव्हतं म्हणून: "म्हातारे, अठ्ठ्याऐंशी हजार! तवर तू जगशील काय गो?"

"मी कशाला?" आत्याबाय म्हणाली. "ही हाय."

तिनं बोट केलं नाही, नावही घेतलं नाही, मान वाकडी करून नुसतं राहीकडे बघितलं. आणि काडी तिच्या हातात दिली. राही पुढं झाली. काडी धरलेला हात स्थिर होता. गिरणीनं त्याला एवढं तरी शिकवलं होतं. वाती एकेक करून पेटल्या, पस्तीस मिळून एक ज्योत झाली, आणि गाभाऱ्यातला काळा दगड ओला असल्यासारखा चमकला. लोक पाया पडून, घंटा वाजवून जेवायला निघून गेले. दोघीच थांबल्या, नेहमीसारख्या, दिवा आपणहून निवेपर्यंत. तेल सरत आलं, ज्योत बुटकी झाली, निळी झाली, आणि गेली. धुराची बारीक रेघ वर चढली. राहीनं हळूच श्वास आत घेतला. तिळाच्या तेलाचा वास आला. जळल्या कापसाचा आला, सुकल्या पानासारखा. मग नुसत्या गार दगडाचा. आणखी काही येतं का म्हणून ती थांबून राहिली, पुरती थांबली, आणि तिला दुसरा कुठलाच वास आला नाही.

"चल," आत्याबाय तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठत म्हणाली, "माणसं पानावर बसली असतील. आणि उद्याच्या पस्तीस अजून झाडावर हायत."